पेनड्राइव्हमध्ये टाकलं म्हणजे जपलं असं नाही. 'कट' नको, 'कॉपी' करा

पारशिवनी : गेल्या पावसाळ्यात धानाच्या बांधीत वाकलो आणि वरच्या खिशातला मोबाईल पाण्यात गेला. पुसला, वाळवला, दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोन दिवस ठेवून परत केला, म्हणाला, "भाऊ, नवीन घ्या." मोबाईल नवीन आला. पण बाबांचं एक रेकॉर्डिंग त्यात होतं, जुन्या बैलजोडीची गोष्ट सांगतानाचं. बाबा आता नाहीत आणि तो आवाज दुसरीकडे कुठंच ठेवलेला नव्हता. शंभर-दोनशे रुपयांचं रिचार्ज आपण न विसरता मारतो, पण ही दहा मिनिटांची गोष्ट माझ्याकडून राहून गेली. तुमच्याकडून राहू नये म्हणून हे लिहितो.

आधी काय जपायचं ते ठरवा

सगळंच जपायची गरज नाही. डिजिटल सहीचा सातबारा हरवला तर महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून पुन्हा निघतो. आधार, गुणपत्रिका यांसारखे बरेच कागद २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये परत मिळतात. मग परत मिळत नाही ते काय? घरातल्यांचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, म्हाताऱ्या माणसांचा आवाज, जुन्या हाती लिहिलेल्या वाटणीपत्राचा फोटो, शेतातल्या नुकसानीचे फोटो, बचत गटाचा हिशोब. आधी हे जपा. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका. मोबाईलमधून उडालेली जुनी फाइल तिथं पुन्हा डाउनलोड होईलच असं नाही.

खरी चूक इथं होते

ओळखीच्या एका काकाजींनी मोबाईलची जागा भरली म्हणून मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये हलवले. वर्षभराने पेनड्राइव्ह लावला तर कॉम्प्युटर ओळखेचना. ते मला म्हणाले, "पेनड्राइव्हमधी टाकलं होतं ना, मंग गेलं कुठं?"

झालं असं, की त्यांनी 'कट' करून 'पेस्ट' केलं होतं. मोबाईलमधले फोटो निघाले आणि पेनड्राइव्हमध्ये गेले. म्हणजे आधीही एकच प्रत होती, नंतरही एकच. फक्त जागा बदलली. आपण पुढच्या सालाचं सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवतो का? एकीला घूस लागली तर दुसरी असावी, एवढाच हिशोब आहे. फाइल एकाच वेळी दोन ठिकाणी असेल तेव्हाच तिला बॅकअप म्हणायचं.

मोबाईलमधून पेनड्राइव्हमध्ये

दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो. त्याला ओटीजी पेनड्राइव्ह म्हणतात. एक तोंड मोबाईलच्या चार्जिंगच्या जागेत बसतं, दुसरं कॉम्प्युटरला. आपल्या मोबाईलला टाइप-सी पिन आहे की जुनी बारीक पिन, ते पाहून घ्या.

१. पेनड्राइव्ह मोबाईलला लावा. दिसला नाही तर सेटिंगमध्ये 'ओटीजी' शोधून चालू करा. काही मोबाईलमध्ये ते बंद असतं.
२. 'फाइल्स' ॲप उघडा. फोटो, व्हिडिओ किंवा ऑडिओ निवडा. एकावर बोट दाबून धरलं की बाकीचेही निवडता येतात.
३. तीन टिंबांवर दाबून 'कॉपी टू' घ्या. 'मूव्ह टू' घेऊ नका, तो 'कट'च आहे.
४. यूएसबी निवडा. 'लग्न', 'शेत', 'कागदपत्रे' अशा नावांचं फोल्डर करून त्यात टाका. नावात वर्ष लिहा, पुढं शोधायला सोपं जातं.
५. पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. मग 'इजेक्ट' करून काढा. मधेच ओढला तर फाइल अर्धवट राहते.
६. पुन्हा लावा आणि दोन-चार फाइली उघडून पाहा. न तपासलेला बॅकअप भरवशाचा नाही.

कॉम्प्युटरवरही असंच. फाइलवर माउसचं उजवं बटण, 'कॉपी', मग पेनड्राइव्ह उघडून 'पेस्ट'.

घेताना पाहून घ्या

३२ जीबीचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर साधारण २९ जीबी दाखवतो. ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. एक फोटो ४ एमबीचा धरला तरी सात हजारांच्या आसपास फोटो मावतात. पण दोन-तीनशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कुणी देत असेल तर घेऊ नका. असे नकली पेनड्राइव्ह दाखवतात मोठी जागा, आत असते थोडी. ती भरली की पुढच्या फाइली खराब होतात आणि हे कळतं फार उशिरा.

लग्नाचा मोठा व्हिडिओ जात नसेल तर पेनड्राइव्ह खराब समजू नका. 'फॅट ३२' पद्धतीच्या पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करावा लागतो. मात्र फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसतं, म्हणून हे काम पेनड्राइव्ह रिकामा असतानाच करा.

झेरॉक्सचा वेगळा, घरचा वेगळा

प्रिंट काढायला पारशिवनीला किंवा कन्हानला जाताना घरचा जपायचा पेनड्राइव्ह नेऊ नका. दहा लोकांचे पेनड्राइव्ह लागलेल्या कॉम्प्युटरवरून व्हायरस येतो. त्यात आपले आधार आणि बँकेचे कागद असले तर ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहून जाण्याचीही भीती. प्रिंटसाठी वेगळा छोटा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात लागेल तेवढीच फाइल टाका. फाइलींच्या जागी एकदम 'शॉर्टकट' दिसू लागले तर घाबरून फॉरमॅट करू नका. बरेचदा फाइली आतच लपलेल्या असतात, जाणकार माणूस त्या काढून देतो.

पेनड्राइव्हही कायमचा नाही

पेनड्राइव्हच्या आत बारीक विजेच्या भाराने माहिती धरलेली असते. वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिला तर तो भार ओसरतो. म्हणून वर्षातून दोनदा लावून पाहा आणि नवीन फोटो भरा. पोळा आणि होळी, असे दोन दिवस धरले तर ध्यानात राहतं. अगदी मोलाचं असेल ते दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये टाकून बहिणीच्या किंवा मुलाच्या घरी ठेवा. एका घरात पाणी शिरलं तरी दुसरीकडे राहील.

माझं बाबांचं रेकॉर्डिंग आता येत नाही. आईचा आवाज मात्र या वेळी दोन ठिकाणी ठेवला आहे, एक माझ्या घरी आणि एक बहिणीकडे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा.