होयाला फुलं का येत नाहीत?

आज बोलूया होयाबद्दल. जाड, चकचकीत पानांची वेल, आणि फुलांचे गुच्छ असे की मेणाचे साच्यातून काढलेत असं वाटावं. फोटो बघून खूप जण ही वेल घरी आणतात आणि दोन वर्षांनी मला एकच प्रश्न विचारतात: "पानं मस्त आहेत, पण फूल का येत नाही?"

उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत उजेड कमी पडतो, पाणी जास्त होतं, आणि जिथून फूल येणार असतं तो दांडाच आपण कापतो. आता एकेक बघू.

आधी वेलीची ओळख. मारुतीला आपण जिची पानं वाहतो, ती रुई होयाच्याच कुळातली. दोघींनाही पांढरा चीक येतो. दोघींच्या फुलात पाच पाकळ्या आणि मधे छोटा मुकुट असतो. आशियातल्या दमट जंगलांत होया झाडांच्या खोडांवर चढून राहते. बांडगुळासारखा ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. आपल्या सह्याद्रीतही होया आढळते. घरात लावतात ती बहुधा होया कार्नोसा. नाव मात्र थॉमस हॉय या इंग्रज माळ्यावरून 1810 साली पडलं.

खोडावर राहणाऱ्या वेलीची मुळं सालीच्या खाचांत असतात. पाऊस पडला की भिजतात, वारा लागला की सुकतात. हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

कुंडी लहान घ्या. 10-12 सेंटीमीटरची मातीची कुंडी छोट्या रोपाला भरपूर झाली. नुसती काळी माती भरू नका. नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइट आणि थोडं गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण करा. पाणी घालायच्या आधी बोट खुपसून बघा. आत ओल असेल तर थांबा. पान हलकेच वाकवून बघायचीही सोपी युक्ती आहे: कडक असेल तर पाणी नको, मऊ पडून वाकत असेल तर द्या. जाड पानांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे चार दिवस गावाला गेलात तरी वेल मरत नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, पाणी अगदीच कमी लागतं.

उजेड हवाच. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण दुपारच्या उन्हात पानं पिवळी पडतात. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात वेल जगेल, फुलणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होयाला लांबच लांब, बिनपानांच्या फांद्या फुटतात. त्या वाळलेल्या वाटतात, पण वेल आधार शोधत असते. पानं नंतर येतात. त्यांना काठी किंवा तारेची रिंग द्या. आणि गुच्छ गळून गेल्यावर जो छोटा, बोडका दांडा उरतो, त्याला हात लावू नका. पुढच्या कळ्या त्याच दांड्यावर येतात. आपण सवयीने, गुलाबासारखं "फूल सुकलं, छाट" करतो आणि तयार जागा घालवतो. कळ्या आल्या की कुंडी इकडून तिकडे हलवू नका, आणि माती पार कोरडीठाक होऊ देऊ नका. कळ्या गळतात.

पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमधे बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

अजून एक गोष्ट, खास व्हॅलेंटाइनवाल्यांसाठी. छोट्या कुंडीत खोचलेलं एकच बदामाच्या आकाराचं पान विकत मिळतं. ते होया केरीचं. त्याला खोडाचा तुकडा जोडलेला नसेल तर मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल कधीच होत नाही. गिफ्ट म्हणून छान आहे. फुलांची आशा असेल तर त्यात पैसे घालू नका. त्याऐवजी ज्याच्याकडे फुललेली वेल आहे त्याच्याकडून दोन पेरांची फांदी मागा. पेराच्या जरा खाली कापायची, चीक सुकू द्यायचा, मग ओलसर मिश्रणात खोचायची. नंतर हात धुवायचे, कारण चिकाने काहींच्या त्वचेची आग होते.

अशी फांदी फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्यांना हे फार वाटेल, पण ही वेल तुमच्याबरोबर छोट्याशा कुंडीत घरं बदलू शकते. आणि एकदा फुलली की संध्याकाळनंतर गोड वास सुटतो. फुलांतून मध ठिबकतो, तेव्हा खाली लॅपटॉप ठेवू नका!

तुमच्या होयावर बोडका दांडा दिसतोय का, आज जाऊन बघा. दिसला तर कात्री लांब ठेवा. पुढच्या भागात भेटू!