जो स्ट्रमरचा शेवटचा अल्बम : 'स्ट्रीटकोअर'

'द क्लॅश' या बँडचा गायक जो स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी गेला. वय अवघं ५०. हृदयात जन्मजात दोष होता, पण त्याचं निदानच झालं नव्हतं. 'मेस्कलेरोज' या त्याच्या नंतरच्या बँडसोबतचा अल्बम अर्धवट राहिला. मार्टिन स्लॅटरी आणि स्कॉट शील्ड्स या साथीदारांनी तो पूर्ण केला. २००३ मध्ये 'स्ट्रीटकोअर' आला.

त्यातल्या 'मिडनाइट जॅम'साठी जोचं गायन मिळालंच नव्हतं. मग बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरच्या त्याच्या कार्यक्रमातलं बोलणं त्या संगीतात गुंफलं. किती जिव्हाळ्याने केलंय हे! शेवटच्या 'सिल्व्हर अँड गोल्ड' या गाण्यानंतर टेक झाल्याचं तो स्वतः सांगतो, तेही कापलेलं नाही. माझ्या मते 'क्लॅश'नंतरचं त्याचं हे सर्वोत्तम काम. एका बैठकीत, सलग ऐका.