मातीने धरलेला हिशेब

अणुभट्टीचा कचरा जमिनीत खोल पुरायचा, भोवती चिकणमातीचा थर, आणि तो लाखो वर्षे कचरा रोखेल हे सांगायचे गणिताने! शंका मलाही येते. पण गणित पाहण्यासारखे आहे. या मातीतून पाणी जवळजवळ वाहत नाही. विरघळलेले अणू धक्के खात, भरकटत सरकतात. म्हणून अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. शिवाय मातीच्या कणांवर ऋणभार असतो. धनभारित सीझियम त्यांना चिकटते. ऋणभारित आयोडीन मात्र अडकत नाही. आयोडीन-१२९चे अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे. खरी काळजी त्याचीच.

स्वित्झर्लंडमध्ये माँ तेरी येथे १९९६पासून डोंगराच्या पोटात हे प्रयोग चालू आहेत. काही वर्षांत अणू सरकतात वीत-दोन वीत. त्यावरून लाखो वर्षांचे भाकीत करायचे, म्हणजे धाडसच. मला पटते ते तिथल्या मिठाचे. त्या खडकातल्या पाण्यात प्राचीन समुद्राचा खारटपणा अजून उरला आहे, आत जास्त, कडांकडे उतरत गेलेला. ही उतरण याच गणिताने, लाखो वर्षांचा काळ धरून जुळते. कचऱ्याची उष्णता सोसल्यावर माती अशीच वागेल का, हे मात्र मीठ सांगत नाही.