निजामाच्या नावाचे विमान

लंडनच्या वायव्येस हेंडन येथे ब्रिटिश वायुदलाचे जे संग्रहालय आहे, त्यात लाकूड, कापड आणि तारा यांनी बांधलेले एक दुपंखी बॉम्बफेकी विमान ठेवलेले आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने तेथे गेल्यावर धातूची सारी अवाढव्य धुडे ओलांडून आधी त्याच्यापाशी जावे, असे मला वाटते, कारण ज्या दात्याच्या नावाने ते विमान युद्धात उतरले, तो आपल्या पणजोबांचा सरकार होता.

विमानाची जात डी. एच. 9 ए, क्रमांक एफ 1010. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रज सरकारास जी मदत केली, तीत एका संपूर्ण स्क्वाड्रनच्या विमानांची किंमत होती. म्हणून 110 क्रमांकाच्या त्या स्क्वाड्रनच्या नावास 'हैदराबाद' हे पद जोडले गेले आणि प्रत्येक विमानावर देणगीचा उल्लेख झळकला. 1918 साली निजामास 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब बहाल झाला. या दोन गोष्टींचा जमाखर्च एकाच वहीत मांडावा की निरनिराळ्या, हे वाचकाने आपल्या स्वभावानुसार ठरवावे.

ही मदत निजामाच्या खजिन्यातून गेली. पण खजिना म्हणजे काय? औरंगाबाद सुभ्यातील कोरडवाहू जमिनीत बाजरी आणि कापूस पिकविणाऱ्या रयतेचा सारा पटेल-पटवाऱ्याच्या हातून तहसिलीत, तेथून अव्वल तालुकदाराच्या कचेरीत आणि शेवटी हैदराबादेस जाई. ज्या कुणब्याने विमान नावाची वस्तू आकाशातही पाहिली नव्हती, त्याच्या दाण्यांतून अमेरिकी बनावटीच्या चारशे अश्वशक्तीच्या 'लिबर्टी' इंजिनाची किंमत अंशतः तरी चुकती झाली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

सप्टेंबर 1918 मध्ये ही स्क्वाड्रन फ्रान्समधून जर्मनीवर बॉम्बफेक करू लागली. दिवसाउजेडी, शत्रूच्या प्रदेशात दूरवर शिरून करावयाच्या या कामगिरीत तिची जबर हानी झाली. युद्ध संपण्यास अवघे पाच आठवडे उरले असता, 5 ऑक्टोबर रोजी, एफ 1010 परतले नाही. ते जर्मन भूमीवर उतरले आणि त्यातील दोघे युद्धकैदी झाले. येथून पुढे त्या विमानाचे दैव विलक्षण आहे. जी विमाने सुखरूप परतली ती वापरून झिजली, मोडीत निघाली, विस्मृतीत गेली. हे शत्रूच्या हाती पडले म्हणून वाचले. जर्मनांनी ते विजयचिन्ह म्हणून जपले आणि बर्लिनच्या विमानसंग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात त्या संग्रहालयावरच बॉम्ब पडू लागले, तेव्हा तेथील बऱ्याच वस्तू पूर्वेकडे हलविण्यात आल्या, आणि सरहद्दी बदलल्यावर त्या पोलंडच्या ताब्यात गेल्या. पुढे क्राकोच्या संग्रहालयाकडे असलेले हे विमान 1977 साली एका स्पिटफायरच्या बदल्यात इंग्लंडला मिळाले.

मिळाले ते पंखांवाचून. धड होते, पंख नवे बांधावे लागले; लाकडी सांगाड्यावर लिननचे कापड ताणून त्यावर ते घट्ट करणारे रोगण चढविण्याची जुनी विद्या कारागिरांना पुन्हा हाती धरावी लागली. नवे पंख लावलेले विमान जुनेच म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे मत असे की, नवे काय आणि जुने काय हे संग्रहालयाने प्रामाणिकपणे सांगितले, म्हणजे दोष उरत नाही. जीर्णोद्धार झालेल्या देवळाला आपण नवे देऊळ म्हणत नाही.

बुडालेली विमाने वर काढण्याच्या कथा याहून नाट्यमय असतात. 2013 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन वाळूतून जर्मन डॉर्नियर 17 बाहेर काढले, तेव्हा खरी कसोटी पुढेच होती: क्षारांनी भरलेला धातू हवा लागताच झपाट्याने खंगू लागतो, म्हणून सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे त्यावर दीर्घकाळ चालू ठेवावे लागले. आपले लाकडी विमान समुद्रात पडते, तर फवारण्यासाठीही काही उरते ना.

दुसऱ्या महायुद्धातही हैदराबादचे नाव ब्रिटिश स्क्वाड्रनांवर होते. 152 क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मुद्रेवर निजामाचे शिरोभूषण आणि खाली 'विश्वासू दोस्त' या अर्थाचे ब्रीद असे. ते निजामाचेच बिरूद. हैदराबादचेच नाव असलेल्या 253 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक हरिकेन विमान रशियास पाठविले गेले होते. त्याचे अवशेष इंग्लंडला परत आणून ते नव्याने घडविण्यात आले आणि 2017 साली ते पुन्हा उडाले.

आपल्या शहरात सोनेरी महालात संग्रहालय आहे, महानगरपालिकेचेही एक आहे. त्यांच्या चालकांना माझी विनंती एवढीच, की एफ 1010 चे एक मोठे छायाचित्र मिळवून भिंतीवर लावावे, आणि खाली देणगीदाराचे नाव लिहिताना त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, 'शेतसारा' हा शब्दही लिहावा.