झोपेची उधारी

शनिवारची सकाळ. सकाळ कसली, साडेअकरा वाजले होते! डोळे चोळत मोबाइल बघितला तर १४ मिस्ड कॉल्स. सगळे बाबांचे. फोन सायलेंटवर आणि बेल मला ऐकूच आली नव्हती. धावत जाऊन दार उघडलं, तर कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मीने आलेले बाबा जिन्यात बॅगेवर बसून पेपर वाचत होते. सात वाजल्यापासून! शेजारच्या काकूंनी त्यांना चहा दिला होता, वर ‘शनिवारी ती बारापर्यंत उठत नाही’ ही माहितीही पुरवली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांची दहाची अपॉइंटमेंट महिनाभर थांबून मिळाली होती, तीही हुकली. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘झोप झाली का गं नीट?’’

खरं सांगू? साडेनऊ तास झोपूनही झाली नव्हती. डोकं जड, अंग आंबलेलं.

तुमचंही असंच होतं ना? सोमवार ते शुक्रवार रात्री एकला आडवं व्हायचं, साडेसहाला अलार्मच्या नावाने खडे फोडत उठायचं आणि वीकेण्डला सगळी कसर भरून काढायची. घरचे ‘कुंभकर्ण’ म्हणतात. आपणही ते हसण्यावारी नेतो.

मी नेलं नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. दोन्ही नॉर्मल. मग कागदावर हिशेब मांडला. प्रौढ माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. मी घेत होते साडेपाच. म्हणजे पाच दिवसांत दहा तासांची उधारी आणि शनिवार-रविवारी परतफेड जेमतेम चार तासांची!

त्यातून शरीरातलं घड्याळ बिघडतं ते वेगळंच. त्या घड्याळाचं कोडं उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालंय. एरवी माझ्या झोपेचा मध्य पावणेचारला, तर शनिवारी पावणेसातला. तीन तासांचा फरक! दर शुक्रवारी अथेन्सला जाऊन सोमवारी पहाटे परतल्यासारखंच हे. याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. विमानाचं तिकीट नाही, फक्त त्रास.

माझा आकडा कुठला?

तो शोधायला दहा दिवसांची सुट्टी कामी आली. रात्री अकराला झोपायचं आणि अलार्म लावायचा नाही. पहिले तीन-चार दिवस नऊ-दहा तास झोपले. ती जुनी उधारी. मग आपोआप साडेसात तासांनी जाग येऊ लागली, तीही फ्रेश. माझा आकडा सापडला!

आता उठायची वेळ रोज साडेसहा, वीकेण्डला फार तर साडेसात. उठल्यावर आधी गॅलरीत, कारण सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. शेवटची कॉफी दुपारी तीनला, कारण संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. पार्टी झालीच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटांची डुलकी. बॉसचे रात्री अकरानंतरचे मेसेज सकाळी वाचते. जग बुडालेलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. नीट नऊ-दहा तास झोपूनही रोज थकवा असेल, घोरणं जोरात असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. झोपेत श्वास अडखळणं, थायरॉइड, नैराश्य, एखादं औषध, काहीही कारण असू शकतं. सरळ डॉक्टर गाठा.

मागच्या महिन्यात बाबा पुन्हा आले. बेल वाजायच्या आधीच मी दार उघडलं, चहाही मीच केला. डॉक्टरांकडे आम्ही पंधरा मिनिटं आधी पोचलो. बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. माझा नंबर मात्र फिक्स आहे, साडेसात!