शितावरून शेताची परीक्षा

एक हेक्टर काळ्या जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर खरवडून काट्यावर चढवला, तर त्याचे वजन ढोबळमानाने 22 लाख किलो भरेल. त्यातली अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत जाते. तिथे सेंद्रिय कर्ब पाहायला साधारण एक ग्रॅम माती घेतात, स्फुरदासाठी अडीच, पालाशासाठी पाच, जस्त-लोहासाठी दहा, नत्रासाठी वीस. म्हणजे कर्बाचा जो आकडा अहवालावर छापून येतो, ती 22 लाख किलोंच्या वतीने एका ग्रॅमने दिलेली साक्ष असते. हा साक्षीदार कुठून आणि कसा उचलला, याची उलटतपासणी मात्र क्वचितच होते.

पुढचे रसायनशास्त्र तसे पक्के आहे. कर्बाची वॉकले-ब्लॅक पद्धत 1934 सालची, स्फुरदाची ओल्सेन पद्धत 1954 ची, नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा यांनी आपल्याकडेच बसवलेली पद्धत 1956 ची. काम मन लावून केले तर या पद्धती एकाच मातीला पुन्हा पुन्हा जवळपास तोच आकडा देतात. घोळ होतो तो त्याआधी, बांधावरून पिशवी निघेपर्यंत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका पातेल्यात, एका आधणात शिजलेला असतो. शेत असे शिजत नाही. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला गाळ, एका कोपऱ्यात जुना उकिरडा, मधे झाडाची सावली, बांधाकडेला जनावरे बांधायची जागा.

म्हणूनच माती परीक्षणाच्या प्रत्येक घडीपत्रिकेत त्याच सूचना असतात: बांध, झाड, विहीर, गोठा, खताचा ढीग सोडून द्या, नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, खड्ड्यातली सुटी माती बाहेर काढा आणि मग एका बाजूची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती कापा. शेवटची सूचना सर्वांत कमी पाळली जाते. व्ही आकाराच्या खड्ड्यातली सगळीच माती गोळा केली तर वरची जास्त आणि तळची कमी येते. कर्ब आणि स्फुरद वरच्या थरातच अधिक असल्याने जमीन आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

पंधरा-वीस ठिकाणे का, यामागे सांख्यिकी आहे. वेगवेगळ्या ठिकाणची माती एकत्र केली की चूक कमी होते, पण वर्गमुळाच्या हिशेबाने: चूक निम्मी करायची तर ठिकाणे चौपट करावी लागतात. एका ठिकाणावरून चारवर गेलात तर मोठा फायदा, वीसवरून ऐंशीवर गेलात तर फक्त पाठदुखी.

स्फुरदाचे वागणे आणखी अवघड. पेरून दिलेले खत जिथे पडले तिथून फार सरकत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर कॅल्शियम त्याला जागीच धरून ठेवते. त्यामुळे खड्डा खताच्या ओळीत पडला तर आकडा भरघोस आणि वीतभर बाजूला पडला तर कंगाल. ठिबकखाली क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. तोटीखाली माती घेतली तर क्षारता कमी दिसते, कडेला घेतली तर जास्त. दोन्ही आकडे खरे, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणारे. प्रश्न ठरवून मग कुदळ उचलावी हे उत्तम, पण आपल्याकडे बहुधा आधी कुदळ उचलली जाते.

या साऱ्याला शिस्तीच्या शास्त्राचे रूप दिले ते शेतकी तज्ज्ञाने नव्हे, खाणीतल्या माणसाने. दुसऱ्या महायुद्धानंतर काँगोतल्या खाणीवर काम करणारे फ्रेंच अभियंते पिएर झी पुढे आयुष्यभर नमुना घेण्याच्या सिद्धान्तावर काम करत राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी असेल, तरच त्याला नमुना म्हणायचे. बाकी सगळी नुसती मूठभर माती.

या कसोटीवर प्रयोगशाळाही सुटत नाही. वाळवून, कुटून, चाळलेली माती पिशवीत घेऊन हलवली की बारीक कण खाली जातात, जाड वर येतात. सेंद्रिय पदार्थ आणि पोषणद्रव्ये बारीक कणांत अधिक. वरवरचा एक चमचा घेऊन तोलणारा सहायक चार दशांश स्थळांपर्यंत अचूक तोलतो, पण तोलतो चुकीचा चमचा. म्हणून ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग. कंटाळवाणे काम, पण टाळून चालत नाही. वाळवायचे ते सावलीत. घाई म्हणून भट्टीत घातली तर पालाश आणि लोहाचे आकडे बदलतात. कुटायचे लाकडी मोगरीने, ढेकळे फुटतील इतपतच. काळ्या मातीतले चुनखडीचे खडे कुटून पीठ केले, तर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहायला हवे होते तेच नमुन्यात मिसळते आणि चुन्याचे प्रमाण फुगते.

आणि मग चाळणी. नेहमीची पितळी चाळणी नत्र-स्फुरदाला चालते. जस्त-तांब्याला नाही, कारण पितळ म्हणजेच तांबे आणि जस्त. लिंडसे आणि नॉर्वेल यांची 1978 सालची डीटीपीए पद्धत वापरताना उपलब्ध जस्ताची सीमारेषा किलोमागे सुमारे 0.6 मिलिग्रॅम धरतात. अर्धा किलो मातीत ते झाले 0.3 मिलिग्रॅम. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत माती कालवली आणि तिचा तेवढाच कण खरवडून विरघळला, की जस्ताला भुकेलेली जमीन कागदावर तृप्त होते. हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट द्यायचे की नाही, हे बादली ठरवते.

उपकरणे, भांडी आणि माणूस नमुन्यात स्वतःची भर घालतात, हे जगाला पटवायला अमेरिकेतल्या क्लेअर पॅटरसन यांना हयात खर्चावी लागली. शिकागो विद्यापीठात ते खनिजांतले शिसे मोजत होते आणि दरवेळी ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघत होते. हे जादाचे शिसे खडकात नव्हतेच. ते हवेत, काचेच्या भांड्यांत, आम्लांत, त्यांच्या केसांत होते. मग त्यांनी पाणी आणि आम्ले पुन्हा ऊर्ध्वपातित केली, खोलीतली हवा गाळली, भांडी आम्लात उकळली. त्या सोवळ्यातूनच उल्केतल्या शिशाची मोजणी जमली आणि 1956 साली पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध त्यांनी उभे केलेले प्रकरणही याच स्वच्छतेवर उभे होते. 1980 साली त्यांनी आणि डोरोथी सेटल यांनी दाखवले की ज्या ट्यूना माशाच्या मांसात एक सरकारी प्रयोगशाळा ग्रॅममागे 400 नॅनोग्रॅम शिसे सांगत होती, त्यात खरे शिसे होते 0.3. बाकीचे प्रयोगशाळेचे.

द्राक्षबागेत हीच गोष्ट पानाच्या देठावर घडते. मॅन्कोझेबमध्ये मँगेनीज आणि जस्त, बोर्डो मिश्रणात तांबे. फवारलेले देठ नीट न धुता वाळवले तर प्रयोगशाळा वेलीचे नव्हे, फवारणीचे पोषण मोजते. देठ छाटणीनंतर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पानाचे घ्यायचे असतात. वेळ चुकली की आकड्याची तुलना करायला प्रमाणच उरत नाही.

राहिला सरकारी योजनेचा प्रश्न. 19 फेब्रुवारी 2015 ला राजस्थानातल्या सुरतगढहून जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्या मूळ रचनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरच्याही आत. म्हणजे कोरडवाहू गावात एका नमुन्यावर सहा-सात खातेदारांच्या पत्रिका छापल्या जाऊ शकत होत्या, आणि प्रत्येकीवर नाव मात्र स्वतंत्र. तालुक्याला कोणते खत किती लागेल याचा अंदाज बांधायला ही पद्धत ठीक आहे. पण ज्याच्या मुरमाड माळावर शेजारच्या गाळपेरीचा आकडा चढवला, त्याला ती पत्रिका काय सांगणार? एवढ्या विरळ नमुन्यांच्या माहितीला व्यक्तिगत सल्ल्याचे रूप द्यायला नको होते, असे माझे मत आहे.

शेतकऱ्याला यातले काही स्वतः तपासून पाहता येते. एकाच शेतातून दोनदा, दोन वेगळ्या नागमोडी वाटांनी, संपूर्ण नमुना घ्यायचा, दोन पिशव्यांवर दोन वेगळे गट नंबर घालायचे आणि दोन्ही एकाच प्रयोगशाळेत द्यायच्या. कर्ब 0.52 आणि 0.55 टक्के आले तर पत्रिकेवर भिस्त ठेवायला हरकत नाही. 0.38 आणि 0.71 आले, तर खताच्या दुकानात जायच्या आधी कुदळ घेऊन पुन्हा शेतात जावे. खर्च एका जादा पिशवीचा आणि तपासणीच्या एका जादा शुल्काचा.