यंत्रानें पैसे घेतले, पण माल?

घाट चढून आलेली मुंबईची गाडी लोणावळ्यास थांबली, कीं मागें लावलेलीं इंजिनें सोडवून घेईपर्यंत उतारूंस थोडी सवड मिळते. तेवढ्यांत खिडकीशीं चिक्कीवाला येतो. पुडा आधीं हातांत पडतो, पैसे मागाहून दिले जातात. पुडा फाटका निघाला तर तेथल्या तेथें बदलून मिळतो. स्थानकांवर, इस्पितळांत व कचेऱ्यांत आतां जीं विक्रीयंत्रें आढळतात, त्यांचा व्यवहार नेमका उलटा. तेथें पैसे आधीं, माल मागाहून. आणि कधीं कधीं पैसे जातात व माल येतच नाहीं. असें कां व्हावें, आणि झाल्यास गृहस्थानें काय करावें, याचा थोडा विचार येथें करूं.

यंत्राकडून विक्री करण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें देवळांत पवित्र पाणी देणाऱ्या यंत्राचें वर्णन केलें आहे. नाणें तरफेच्या टोकावर पडे, त्याच्या भारानें झडप उघडे व पाणी वाहूं लागे. नाणें घसरून खालीं गेलें, कीं झडप मिटे. आपल्या मोठ्या स्थानकांवरील वजनाचें यंत्र याच कुळांतलें. नाणें टाकलें, कीं वजन व भविष्य छापलेलें पुठ्ठ्याचें तिकीट बाहेर पडे; आणि नाणें गिळून तिकीट अडलें, म्हणजे उतारू त्याच्या पाठीवर थाप मारून पाहत.

अशा साध्या यंत्राची पारख नाण्याच्या आकारावर व वजनावर चालते. २०११ सालीं निघालेलें दोन रुपयांचें नाणें घ्या: व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम, धातु बिनगंजी पोलाद. त्यापूर्वीं कित्येक वर्षें निघालेल्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास तोच, वजन तेंच आणि धातुहि तोच. माणूस आंकडा वाचून फरक ओळखतो. ज्या यंत्रास केवळ माप कळतें, तें दोन रुपये घेऊन एकाचाच माल देईल. नाणें बदललें, कीं यंत्रहि बदलावें लागतें तें यासाठींच.

आजच्या खाऊच्या यंत्रांत पाकिटें मळसूत्री तारेच्या वेढ्यांत एकामागें एक ठेवलेलीं असतात. पैसे पोंचतांच तार एक पूर्ण फेरा घेते व पुढचें पाकीट खालीं पडतें. स्वस्त यंत्र तारेचा फेरा पुरा झाला, कीं आपलें काम संपलें असें मानतें. पाकीट पडलें कीं वेढ्यांत लोंबकळत राहिलें, हें पाहण्यास त्याला डोळा नाहीं. चांगल्या यंत्रांत तळाशीं न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यांतून कांहीं पडलें नाहीं, तर यंत्र तार पुन्हां फिरवितें किंवा पैसे परत करतें.

पाकीट अडकण्याचीं कारणें क्षुल्लक असतात: भरणाऱ्यानें तें तिरपें ठेवलें, वेढ्याच्या मानानें तें जाड निघालें, अथवा वीज मध्येंच गेली. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब मुंबईहून शेंकडा सातांच्या आसपास कमी भरतो. त्यामुळें मुंबईस बंद केलेलें वेफरचें पाकीट येथें किंचित् फुगतें, व आधींच घट्ट बसत असेल तर वेढ्यांतून सुटत नाहीं.

यांत कोणाची लबाडी असतेच असें नव्हे. मात्र मालकाचा पैसा जपण्याची योजना प्रत्येक यंत्रांत असते, आणि गिऱ्हाइकाचा माल जपण्याची योजना जास्त खर्च करणाऱ्याच्याच यंत्रांत असते, हें ध्यानांत ठेवावें.

बँकेच्या एटीएमविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालीं नियम घालून दिला आहे. खात्यांतून रक्कम वजा झाली व नोटा आल्या नाहींत, तर पांच दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. उशीर झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई. खाऊच्या यंत्राचें तसें नाहीं. यूपीआयनें दिलेले पैसे विक्रेत्यास पोंचले, म्हणजे बँकेच्या दृष्टीनें व्यवहार पुरा झाला. पाकीट अडकलें हें बँकेस ठाऊक नसतें. म्हणून दाद यंत्राच्या मालकाकडेच मागावी. यंत्राचा क्रमांक, वेळ व रक्कम टिपून घ्यावी, अडकलेल्या पाकिटाचें छायाचित्र काढावें, आणि यंत्रावर लिहिलेल्या दूरध्वनीवर तेथूनच कळवावें.

यंत्र हलवूं मात्र नये. भरलेलें यंत्र फार जड असतें, आणि तें अंगावर कोसळून अमेरिकेंत माणसें दगावलीं आहेत. घरांतील मुलांस हें आवर्जून सांगावें. रेल्वेच्या तिकीटयंत्रानें पैसे घेऊन कागद दिला नाहीं, तर कामशेत-मळवलीच्या रोजच्या उतारूनेंहि तसेंच लोकलमध्यें चढूं नये. आधीं खिडकीवर जाऊन तिकीट घ्यावें, तक्रार तेथेंच नोंदवावी. गाडी चुकेल, पण तिकीट तपासणाऱ्यापुढें यंत्राची साक्ष चालत नाहीं.

आपल्या शाळेंत वा सोसायटींत असें यंत्र बसविण्याचा ठराव आला, तर सभेंत दोन प्रश्न अवश्य विचारावे: माल पडला कीं नाहीं हें या यंत्रास कळतें काय? आणि न पडल्यास पैसे कोण, किती दिवसांत परत देणार? दोन्हींचें उत्तर लेखी मिळाल्यावांचून संमति देऊं नये.